नोंद असावी, पाळत नसावी

स्मरणिकेसाठी ‘शाळेचे पुढील पाऊल’ या विषयावर लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा नवे वसतिगृह, वाढते ग्रंथालय, प्रयोगशाळा हे विषय मनात येणे स्वाभाविक होते. त्यांवर लिहिणारे अधिकारी लेखक या अंकात आहेतच. आम्ही मात्र शाळेच्या आवारातील सर्वांत लहान खोलीविषयी, म्हणजे आपल्या बालवाडीविषयी लिहिणार आहोत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांची हालचाल, भाषा, आहार, झोप आणि वर्तन यांची रोज नोंद घेऊन त्यांच्या विकासाचा आलेख काढणारे एक सॉफ्टवेअर तेथे कायमचे बसवावे, असा प्रस्ताव संस्थेच्या व्यवस्थापनापुढे आहे. निर्णय व्हायचा आहे. तो होण्यापूर्वी पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी या विषयाचा विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

या प्रस्तावाची सुरुवात मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमध्ये झाली. आम्ही तेथेच राहतो. आपल्या वसतिगृहात वाढलेला, आज संगणक क्षेत्रात चांगल्या पदावर असलेला एक माजी विद्यार्थीही त्याच वसाहतीत राहतो. एका रविवारी त्याच्या घरी चहाला गेलो असता त्याने आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलाच्या प्लेस्कूलचे अ‍ॅप दाखविले. मुलाने डबा किती खाल्ला, किती वेळ झोपला, कोणता रंग ओळखला, कोणाशी भांडला, हे सर्व छायाचित्रांसह आईवडिलांच्या मोबाइलवर येते. सकाळी मीरा रोड स्थानकात गर्दीच्या लोकलला लोंबकळत जाणाऱ्या आणि रात्री आठला परतणाऱ्या मातापित्यांना त्यातून केवढा दिलासा मिळत असेल, हे आम्ही जाणतो. त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. “सर, हे आपल्या बालवाडीतही हवे. आपली मुले कशात मागे राहायला नकोत,” असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात शाळेविषयीची कृतज्ञता होती, आणि तिचा आम्ही आदरच करतो.

त्याच घरात धुणीभांडी करणाऱ्या ताईंची मुलगीही साधारण त्याच वयाची. ती जवळच्या वस्तीतील अंगणवाडीत जाते. तिचेही वजन होते, उंची मोजली जाते, आकडे मोबाइलमध्ये भरले जातात. आम्ही सहज विचारले, “मुलीचं वजन बरोबर आहे का?” ताई म्हणाल्या, “घेतात की सर. बरोबर आहे का नाही, ते त्यांना ठाऊक.” या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. एकाच घराशी संबंध असलेली ही दोन मुले, आणि दोघांचीही नोंद यंत्रात होते. एकाची नोंद आईच्या हाती येते, कारण ती ग्राहक आहे. दुसरीची नोंद वर कोठेतरी निघून जाते, कारण तिची आई लाभार्थी आहे. प्रश्न यंत्राचा आहेच, परंतु त्याहून अधिक तो नोंदीवरील हक्काचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही नोंदीच्या विरोधात नाही, आणि आंबेडकरी माणूस असूही शकत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या गव्हर्न्मेंट हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव लिहिले गेले. ती एक ओळ आज आपल्यासाठी ऐतिहासिक दस्तऐवज आहे आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही शाळेच्या कागदावर आल्या नाहीत, त्यांना रजिस्टरातील एका ओळीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले, तेव्हा त्याचा पाया भावनेचा नव्हता, आकड्यांचा होता. सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडून त्यांनी अन्याय सिद्ध केला. मोजले जात नाही ते दुःख दरबारी पोहोचत नाही, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो.

आजही तेच खरे आहे. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. हे मोजले म्हणून कळले. बालकांतील जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब लवकर हुडकून उपचार करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तो आपल्याच तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून. त्या कार्यक्रमात तपासणी हे साधन आहे आणि उपचार हे साध्य आहे. तपासणीनंतर बालकाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठविण्याची तरतूद त्याच योजनेत आहे. नोंद कशासाठी घ्यावी, याचा हा आदर्श म्हणता येईल.

परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस दुसरी बाजूही दिसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानेही नोंदी ठेवल्या होत्या. माणूस जन्मला त्या जमातीवरून त्याचे नाव पोलिसांच्या रजिस्टरमध्ये चढत असे. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारगृहवजा वसाहतींत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. चार वर्षांच्या बालकाच्या भवितव्याचा निर्णय रजिस्टर पाहून घेतला जाई. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. त्याची झळ सोसलेल्या समाजांतील मुले आज आपल्या वसतिगृहात शिकत आहेत, याचे विस्मरण होता कामा नये.

त्याच काळात हर्बर्ट रिस्ले यांनी लोकांची नाके मोजून जातींची उतरंड वंशावर आधारलेली असल्याचे सिद्ध करू पाहिले. मोजपट्टी शास्त्रीय होती, निष्कर्ष मात्र आधीच ठरलेला होता. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अशाच मोजमापांच्या आधारे उलट दाखवून दिले की, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या वंशात भेद सापडत नाही. त्यांनी मोजपट्टी फेकून दिली नाही. ती हाती घेऊन तपासली. आपल्यापुढील प्रश्नाकडे पाहण्याची रीत आम्ही तेथूनच घेतो.

मुलांच्या बुद्धीच्या मोजमापाचाही इतिहास असाच आहे. पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने यांनी १९०५ साली जी चाचणी तयार केली, तिचा उद्देश वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना अधिक मदत मिळावी हा होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली अचल वस्तू आहे, हे त्यांना मान्य नव्हते. तीच चाचणी अमेरिकेत गेल्यावर माणसांची प्रतवारी लावण्याचे हत्यार बनली. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू असलेल्या जॉन ड्युई यांनी १९२२ साली या प्रतवारीविरुद्ध लेखणी उचलली होती. मदतीसाठी घेतलेली नोंद शिक्का बनायला किती थोडा काळ पुरतो, हे यावरून ध्यानी यावे.

आता आपल्या बालवाडीतील अनुभव. गेल्या वर्षी एका कंपनीने तीन आठवडे हे सॉफ्टवेअर विनामूल्य चालवून दाखविले. आमच्या दोन शिक्षिकांनी प्रामाणिकपणे सर्व रकाने भरले. त्यातून जे दिसले, ते चांगले आणि वाईट दोन्ही सांगणे आमचे कर्तव्य आहे.

चांगले आधी सांगतो. एक मुलगा हट्टी आहे, हाक मारली तरी वळत नाही, अशी आम्हां सर्वांची समजूत होती. प्रश्नावलीत ‘पाठीमागून हाक मारल्यास प्रतिसाद देतो का’ असा प्रश्न होता. शिक्षिकेने तो रीतसर तपासला, आणि मुलाला ऐकू कमी येते हे लक्षात आले. त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले, उपचार सुरू झाले. आज तो गोष्ट ऐकताना पुढे सरकून बसतो. येथे चूक आमची होती. आम्ही त्याला पाहत होतो, परंतु निरखत नव्हतो. त्या प्रश्नाचे ऋण आम्ही मान्य करतो.

आता दुसरी बाजू. एका मुलीच्या नावापुढे ‘भाषाविकासात विलंब’ असा लाल शेरा आला. मुलीने पडद्यावरील चित्रांपैकी फ्रीज, काटाचमचा आणि बाथटब ओळखले नव्हते. तिच्या घरी या तिन्ही वस्तू नाहीत. तिचे आईवडील बांधकामावर मजुरी करतात आणि घरी गोरमाटी बोलतात. तीच मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन गोरमाटीत लांबलचक गाणे म्हणते, हे आमच्या मदतनीस बाईंनी कितीदा ऐकले होते. त्या गाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये रकाना नव्हता. दुसऱ्या एका मुलाला ‘जिना चढताना पाय आळीपाळीने टाकतो का’ या प्रश्नात गुण मिळाले नाहीत. तो पत्र्याच्या बैठ्या घरात राहतो. पेरूच्या झाडावर मात्र तो सहज चढतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक खटकली. तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुलांना कळून चुकले होते की, बाईंनी मोबाइल वर धरला की हातातले ठोकळे सोडून हसायचे असते. मनोरा अर्धवट राहू लागला. शिक्षिकेची नजर मुलांवरून पडद्याकडे गेली आणि मुलांची नजर खेळावरून मोबाइलकडे गेली. मुलांची हालचाल टिपणाऱ्या साधनाने ती हालचालच बदलून टाकली.

येथे एक सूक्ष्म भेद समजून घेतला पाहिजे. उंची आणि वजनाचे जे मापदंड आज अंगणवाडीत वापरले जातात, ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या अभ्यासातून ते तयार झाले. बाळाला आईचे दूध, पुरेसा आहार आणि निरोगी परिसर मिळाला, तर पहिल्या पाच वर्षांत सर्व देशांतील मुले जवळजवळ सारखीच वाढतात, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. आपल्या दृष्टीने हे फार मोठे सत्य आहे. वस्तीतील मुलाची खुंटलेली उंची त्याच्या कुळातून आलेली नाही, ती त्याच्या ताटातून आणि पाण्यातून आली आहे. ही मोजपट्टी आपल्या बाजूने साक्ष देते.

भाषा, खेळ आणि वर्तन यांची मोजपट्टी तशी नसते. ती ज्या घरांत तयार झाली, त्या घरांचा वास तिला लागलेला असतो. हे आपल्या देशातील अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले होते. अमेरिकेतील बेली मापनश्रेणी जशीच्या तशी न घेता डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात भारतीय बालकांवर तिची पारख करून आपले मापदंड तयार केले. त्यांवरूनच पुढे तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने अवघ्या सतरा प्रश्नांचा सोपा तक्ता बनविला. आणि आपल्या अगदी शेजारी, बोर्डी आणि कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी माँटेसरीची पद्धत वारली मुलांच्या अंगणात नेली, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने आणि बिया आल्या. साधनाने मुलाच्या घरी जायचे, मुलाने साधनाच्या घरी नाही, हा त्या कामाचा धडा. १९७५ साली महाराष्ट्रात धारणी आणि धारावी येथून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील ‘अंगणवाडी’ हा शब्दही त्याच अंगणाची आठवण देतो.

शासनाच्या सॉफ्टवेअरचा अनुभवही डोळ्यांसमोर ठेवावा. मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाचे पोषण ट्रॅकर अ‍ॅप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. मोबाइल निकृष्ट होते, त्यांत जागा अपुरी होती आणि अ‍ॅप इंग्रजीत होते. सेविकांनी काम नाकारले नव्हते. ज्या भाषेत त्या मुलांशी बोलतात, त्या भाषेत नोंद करू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. पुढे १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. गळती रोखणे हा हेतू योग्यच. तथापि नेटवर्क नसल्याने वा चेहरा न जुळल्याने बालकाचे पाकीट अडले, तर त्या दिवशी उपाशी कोण राहते, हा प्रश्न विचारणे आपले काम आहे. सॉफ्टवेअर राबविणाऱ्या सेविकेला आधी विचारले नाही, तर सॉफ्टवेअर अपुरेच राहते, एवढा बोध तरी यातून घ्यावा.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातील कलम ९ अन्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती आवश्यक आहे, आणि मुलांचा माग काढणे व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे निषिद्ध आहे. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी शैक्षणिक उपक्रम आणि मुलांची सुरक्षितता यांपुरती शिक्षणसंस्थांना पाळतीच्या या मनाईतून सूट दिली आहे. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. शाळेच्या दारापाशी कायद्याने आपला पहारा सैल केला आहे. तेथे आता शाळेच्या शीलाचा पहारा हवा. प्रज्ञेला शील आणि करुणेची जोड नसेल तर ती घातक ठरते, हे बाबासाहेबांनी आपल्याला वारंवार बजावले आहे, आणि यंत्रातील प्रज्ञेलाही हेच लागू पडते.

म्हणून आमची व्यवस्थापनास विनंती आहे की, हे सॉफ्टवेअर आपल्या मुलांची परीक्षा घेण्यापूर्वी आपण त्याची परीक्षा घ्यावी. तथागतांनी कालामांना परंपरेवर, ग्रंथावर वा गुरूच्या मोठेपणावर विसंबू नका, अनुभवाने पारखून घ्या, असे सांगितले. कंपनीच्या माहितीपत्रकाला त्यातून वगळण्याचे कारण नाही.

ही पारख आमच्या मते पाच प्रश्नांची असावी. पहिला, प्रत्येक नोंदीतून मुलासाठी कोणती मदत निघते? ज्या रकान्याचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तो रकाना काढून टाकावा. दुसरा, प्रश्न आणि चित्रे आपल्या मुलांच्या घरातील आहेत काय, आणि मराठीखेरीज गोरमाटी, हिंदी वा वारली बोलणाऱ्या मुलाला स्वतःच्या भाषेत उत्तर देता येते काय? तिसरा, आईला, ती निरक्षर असली तरी, मुलाची संपूर्ण नोंद तिच्या भाषेत समजावून सांगितली जाते काय, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा अधिकार तिला आहे काय? ‘नको’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाचा प्रवेश, आहार वा लाड यांत तसूभरही फरक पडता कामा नये. चौथा, ही माहिती कोठे साठते, कोण पाहते, आणि मूल बालवाडी सोडून पहिलीत गेल्यावर ती पुसली जाते काय? पाचवा, शिक्षिकेचा रोजचा किती वेळ पडद्यापुढे जातो? तो वेळ मुलांच्या वाट्यातून जात असेल, तर सॉफ्टवेअर फुकट मिळूनही आपल्याला महाग पडले असे समजावे.

यांतील चौथा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जात म्हणजे तरी काय? माणूस काही करण्याआधीच त्याच्याविषयी लिहून ठेवलेला, कधीही न पुसला जाणारा शेरा. सर्व काही बदलते, माणूस बदलू शकतो, या विचारावर आपला धम्म उभा आहे आणि प्रत्येक शाळाही त्याच विश्वासावर उभी असते. तिसऱ्या वर्षी लागलेला ‘विलंब’ हा शेरा पाचवीच्या, दहावीच्या शिक्षकाच्या पडद्यावर आधीच हजर असेल, तर ते मूल नव्या वर्गात नवे म्हणून कधीच प्रवेश करू शकणार नाही. या स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, अधिकारी आहेत. त्यांनी स्वतःचे वसतिगृहातील पहिले वर्ष आठवावे. रात्री घरच्या आठवणीने रडणारी, प्रमाण मराठी न बोलता येणारी, बाकावर अंग चोरून बसणारी ती मुले त्या दिवशी या सॉफ्टवेअरने कोणत्या रंगात दाखविली असती?

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याला हे सारे आम्ही बेव्हर्ली पार्कमधील त्याच्याच घरी बसून सांगितले. तो रागावला नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाला, “सर, मग आपणच करू या. प्रश्न तुमच्या बाई ठरवतील, मी फक्त लिहून देतो.” या वाक्यात आम्हांस वाट दिसते. संगणकाचे ज्ञान असलेले आपले पंधरा-वीस माजी विद्यार्थी, आपल्या शिक्षिका, एखादा बालरोगतज्ज्ञ आणि बांधकामावरील चार आया एकत्र बसल्या, तर मोजक्या प्रश्नांचे, मराठी आणि गोरमाटी बोलणारे, आईच्या हाती नोंद देणारे आणि वर्षअखेरीस स्वतःची पाटी पुसणारे साधन तयार होणे अशक्य नाही. ते साधे असेल, कदाचित पहिले वर्षभर कागदावरच असेल. हरकत नाही.

तोपर्यंत कंपनीच्या करारावर स्वाक्षरी करू नये, अशी व्यवस्थापनास नम्र विनंती. आणि पालकांस एवढेच सांगणे की, शाळेत असो वा अंगणवाडीत, मुलाचे वजन झाले की आकडा विचारा, तो बरोबर आहे का विचारा, नसेल तर पुढे काय करायचे तेही विचारा. विचारताना संकोच करू नका. ती नोंद तुमच्या लेकराची आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.